पहिला नंबर आधी जातो, गादी बरीच नंतर

सोलापूरच्या एका टॉवेल निर्यातदाराने विचारलंय: चीन पुढे निघालाय, भारत वर येतोय, ब्रिक्सचं चलन येणार म्हणतात. मग अमेरिकेचं जगातलं स्थान अजून किती वर्षं टिकेल, आणि आपण डॉलरमध्ये बिलं करणं आत्ताच बंद करावं का? प्रश्नामागचा वैताग समजतो. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावरचं जादा शुल्क ५० टक्क्यांवर नेलं, तेव्हा तयार माल गोदामात ठेवून डोक्याला हात लावून बसलेले निर्यातदार मी पाहिलेत.

माझी सगळी नोकरी बँकेच्या परकीय चलन विभागात झाली, म्हणून उत्तर पैशाच्या बाजूने देतो. विमानवाहू जहाजं आणि क्षेपणास्त्रं यांवर बोलणारे पुष्कळ आहेत. थोडक्यात सांगायचं तर पहिला नंबर (सगळ्यात मोठी अर्थव्यवस्था असणं) जाणं आणि गादी (जगाचा पैसा ज्याच्या चलनात फिरतो ते स्थान) जाणं या दोन वेगळ्या घटना आहेत आणि त्यांच्यात पन्नास-पाऊणशे वर्षांचं अंतर पडू शकतं. दुसरं म्हणजे गादी सहसा कोणी हिसकावत नाही. ती सांभाळायचा खर्च झेपेनासा झाला की गादीवरचा तो खर्च दुसऱ्यांच्या खात्यावर टाकू लागतो, आणि गळती तिथून सुरू होते. ब्रिटनचा या बाबतीतला अख्खा जमाखर्च उपलब्ध आहे. त्यातल्या सगळ्यात मोठ्या खात्याचे धनी तर आपणच होतो.

अमेरिकेची अर्थव्यवस्था ब्रिटनपेक्षा मोठी झाली १८७० च्या दशकाच्या आगेमागे. १८९० येईपर्यंत पोलादातही ती पुढे गेली. तरीही पहिल्या महायुद्धाआधी न्यूयॉर्कचा व्यापारी ब्राझीलहून कॉफी मागवायचा तेव्हा हुंडी निघायची लंडनवर. माल अमेरिका खंडातून अमेरिका खंडात, जहाज लंडनकडे फिरकायचंही नाही, आणि पैसे मात्र पौंडात. कारण साधं होतं. लंडनच्या नामांकित पेढीने हुंडी स्वीकारल्याची सही केली की ती हुंडी बाजारात हातोहात वटायची, तीही कमी व्याजाने, आणि अगदीच अडचण आली तर मागे बँक ऑफ इंग्लंड उभी असायची. न्यूयॉर्कला असा बाजारच नव्हता. १९१३ चा फेडरल रिझर्व्ह कायदा येईपर्यंत अमेरिकेच्या राष्ट्रीय बँकांना परदेशात शाखा काढायची किंवा अशा हुंड्या स्वीकारायची मुभा नव्हती, आणि देशाला मध्यवर्ती बँकही नव्हती. आकार होता, यंत्रणा नव्हती.

म्हणून कोणी चीनचा जीडीपी दाखवून गादीची गोष्ट काढली की मी एवढंच विचारतो: शांघायवरचा कागद, म्हणजे हुंडी किंवा रोखा, मुंबईत, दुबईत, लागोसमध्ये दुसऱ्या दिवशी सकाळी कोणाला न विचारता विकता येतो का? आज तरी येत नाही.

पहिल्या महायुद्धाने ब्रिटनचं कंबरडं मोडलं. युद्धाआधी जगाचा सावकार असलेला देश अमेरिकेचा देणेकरी झाला. पण लंडनला ते पटत नव्हतं. १९२५ साली अर्थमंत्री चर्चिल यांनी पौंड पुन्हा सोन्याशी जोडला, तोही युद्धापूर्वीच्याच भावाला, एका पौंडाला ४.८६ डॉलर. पत तीच आहे हे जगाला दाखवायचं होतं. त्या दिखाव्याची किंमत ब्रिटनच्या खाणकामगारांनी मोजली, आणि थोडी मुंबईनेही. १९२७ मध्ये रुपयाचा दर १ शिलिंग ६ पेन्सवर बांधला गेला. मुंबईच्या गिरणीमालकांना आणि व्यापाऱ्यांना तो १ शिलिंग ४ पेन्स हवा होता, कारण रुपया महाग म्हणजे आपलं कापड महाग आणि मँचेस्टरचं स्वस्त. रुपयाच्या दराचा विचार करणाऱ्या हिल्टन यंग आयोगावर असलेल्या सर पुरुषोत्तमदास ठाकुरदास यांनी आपलं वेगळं मत लेखी नोंदवलं होतं. त्याचा उपयोग झाला नाही.

२१ सप्टेंबर १९३१ ला ब्रिटनने सोन्याची साथ सोडली आणि रुपया पौंडाच्या शेपटीला बांधूनच खाली आला. सोन्याचा भाव रुपयात चढला. मंदीने गांजलेल्या शेतकऱ्यांनी घरातले दागिने मोडले आणि ते सोनं मुंबई बंदरातून लंडनला गेलं. पौंड सावरायला त्या सोन्याचा मोठा हातभार लागला. गादीवरच्याला तोल सांभाळता येईना की तो कोणाच्या खांद्यावर हात टेकतो, हे तेव्हा झवेरी बाजारातल्या कुठल्याही सराफाला सांगता आलं असतं.

त्या काळाबद्दल अर्थशास्त्राच्या अभ्यासकांचं एक जुनं निरीक्षण आहे: ब्रिटनला पुढारपण जमत नव्हतं आणि अमेरिकेला ते नको होतं. १९३१ च्या मे महिन्यात व्हिएन्नाची सगळ्यात मोठी बँक बुडायला आली, तेव्हा तिला वेळेवर आणि पुरेसा पैसा देणारं कोणी निघालं नाही. अमेरिकेने तर आदल्याच वर्षी आयातशुल्काच्या भिंती उंच केल्या होत्या. मला गादी बदलण्याची भीती वाटत नाही. गादी रिकामी राहण्याची वाटते.

आता दुसरं महायुद्ध, आणि आपलं खातं. ब्रिटनने युद्धासाठी हिंदुस्थानातून कापड, तंबू, धान्य, दारूगोळा, सैनिकांचे पगार असं सगळं उचललं. त्याचे पैसे इथे रोख दिले नाहीत. लंडनमध्ये रिझर्व्ह बँकेच्या नावावर पौंड जमा दाखवले, आणि त्या जमेच्या आधारावर रिझर्व्ह बँकेने इथे नोटा छापल्या. महागाई आपल्याकडे भडकली, जमाखर्च लंडनला राहिला. १९४३ चा बंगालचा दुष्काळ याच काळातला आहे. युद्ध संपलं तेव्हा आपले सुमारे १३० कोटी पौंड, म्हणजे त्या दराने १,७०० कोटी रुपयांच्या वर, लंडनमध्ये साचलेले होते. यालाच स्टर्लिंग शिल्लक म्हणत. गुलाम देश सावकार आणि साम्राज्याचा धनी कर्जदार, असा हा प्रकार होता.

जुलै १९४४ मध्ये अमेरिकेत ब्रेटन वूड्सला ४४ देश जमले आणि नाणेनिधी, जागतिक बँक यांचा आराखडा ठरला. ब्रिटनकडून अर्थशास्त्रज्ञ केन्स, अमेरिकेकडून तिथल्या अर्थखात्याचे हॅरी डेक्स्टर व्हाइट. बुद्धीचा मान केन्सकडे होता आणि निर्णय बहुतेक व्हाइटच्या बाजूने झाले, कारण पैसे व्हाइटच्या खिशात होते. हिंदुस्थानच्या शिष्टमंडळात रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख होते, षण्मुखम चेट्टी होते, आणि मुंबईच्या उद्योगजगतातले ए. डी. श्रॉफ होते. या मंडळींनी तिथे हाच मुद्दा लावून धरला: आमची स्टर्लिंग शिल्लक निदान काही अंशी डॉलरमध्ये वापरता येईल अशी सोय नाणेनिधीच्या चौकटीत करा. श्रॉफ यांनी आपली अवस्था अशी मांडली की एखाद्याच्या नावावर बँकेत दहा लाख डॉलर असावेत आणि टॅक्सीचं भाडं द्यायला खिशात सुटे नसावेत. ब्रिटनने ऐकलं नाही. हा आमचा आपसातला मामला आहे, असं सांगून विषय बाहेर ठेवला. अमेरिकेनेही त्यात हात घातला नाही.

त्यानंतरचा काळ मला फार शिकवणारा वाटतो, म्हणून इथे जरा थांबतो. डिसेंबर १९४५ मध्ये ब्रिटनने अमेरिकेकडून ३७५ कोटी डॉलरचं कर्ज घेतलं, २ टक्के व्याजाने. त्याचा शेवटचा हप्ता २००६ च्या अखेरीस फिटला. कर्जाला अट होती की पौंड डॉलरमध्ये खुलेपणाने बदलून द्यायचा. १५ जुलै १९४७ ला खिडकी उघडली. ज्यांच्याकडे पौंड होते ते सगळे डॉलर मागायला धावले आणि २० ऑगस्टला खिडकी बंद करावी लागली. दीड महिनाही निभावलं नाही. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत २० तारखेला पंतप्रधान ॲटली यांनी जून १९४८ पर्यंत हिंदुस्थान सोडायची घोषणा केली, आणि दुसऱ्याच दिवशी ग्रीस आणि तुर्कस्तानचा भार आता आम्हाला झेपणार नाही असं अमेरिकेला लेखी कळवलं. तीन आठवड्यांत ट्रुमन यांनी तो भार आपल्या अंगावर घेतला. साम्राज्य सोडण्यामागे स्वातंत्र्यलढा होता, नौदलाचं बंड होतं, ते सगळं आहेच. पण खजिन्याच्या वहीत त्या आठवड्याची नोंद कडक हिवाळा, कोळशाची टंचाई आणि संपत आलेले डॉलर अशी आहे.

आणि आपले पैसे? १४ ऑगस्ट १९४७ ला, स्वातंत्र्याच्या आदल्या दिवशी, त्यावर तात्पुरता करार झाला. आपली शिल्लक दोन खात्यांत विभागली गेली. खातं क्रमांक १ मधले पैसे वापरायचे, क्रमांक २ मधले गोठलेले. बहुतांश रक्कम अर्थातच क्रमांक २ मध्ये. १९४८ च्या करारात त्यातूनच ब्रिटिशांनी इथे मागे ठेवलेल्या लष्करी सामानाचे १० कोटी पौंड वळते झाले, आणि निवृत्त इंग्रज अधिकाऱ्यांच्या पेन्शनची तरतूदही त्यातूनच झाली. १९४९ च्या सप्टेंबरमध्ये पौंड ४.०३ डॉलरवरून २.८० वर आणला. उरलेल्या शिल्लकेची डॉलरमधली किंमत एका रात्रीत जवळपास तिसऱ्या हिश्शाने खाली.

यातली मेख अशी की १९५० साली जगातल्या देशांच्या परकीय चलनाच्या गंगाजळीत निम्म्याहून जास्त वाटा अजून पौंडाचाच होता. नंबर जाऊन पाऊणशे वर्षं झालेली, दोन महायुद्धांत खजिना रिता झालेला, आणि तरी कागदावर पौंड पहिला. हे प्रेमापोटी नव्हतं. पैसे अडकलेले होते, काढता येत नव्हते. तेव्हा अमुक चलनाचा वाटा इतके टक्के आहे असं कोणी सांगितलं की मी विचारतो, यातले किती जण खुशीने बसलेत आणि किती जणांना दार सापडत नाही?

सुएझची कथा बहुतेकांना माहीत असते, ती पळतच सांगतो. जुलै १९५६ मध्ये इजिप्तचे अध्यक्ष नासर यांनी सुएझ कालवा ताब्यात घेतला. ऑक्टोबर अखेरीस इस्रायलने हल्ला चढवला आणि ठरल्याप्रमाणे ब्रिटन-फ्रान्स उतरले. लष्करी बाजू ठीक चालली होती. पण लोक पौंड विकत सुटले, कालव्यात जहाजं बुडवलेली असल्याने तेल बंद झालं, आणि नाणेनिधीतून पैसे उचलायला अमेरिकेची मान हलेना. आधी सैन्य मागे घ्या, मग बोलू. ६ नोव्हेंबरला युद्धबंदी झाली. जानेवारीत ईडन यांनी पंतप्रधानपद सोडलं. हा दबाव शत्रूने आणला नव्हता, सगळ्यात जवळच्या मित्राने आणला होता. १९६७ च्या नोव्हेंबरात पौंड पुन्हा घसरवला, २.८० वरून २.४०. दोन महिन्यांत विल्सन सरकारने सुएझच्या पूर्वेकडचं सैन्य काढून घ्यायचं जाहीर केलं. बहारीनमधला ब्रिटिश नाविक तळ १९७१ मध्ये रिकामा झाला, तिथल्या जागेचा काही भाग अमेरिकन नौदलाने भाड्याने घेतला, आणि आज त्यांच्या पाचव्या आरमाराचं मुख्यालय त्याच बहारीनमध्ये आहे. गादी बदलते म्हणजे प्रत्यक्षात काय होतं, तर बरेचदा इमारती त्याच राहतात आणि फाटकावरचा पहारेकरी बदलतो.

रुपयाने पौंडाचं बोट सोडलं ते १९७५ च्या सप्टेंबरात. म्हणजे स्वातंत्र्यानंतर अठ्ठावीस वर्षांनी. मग सुंभ जळून पीळ किती वर्षं राहतो याचा अंदाज करा.

आता या गोष्टीची दुसरी बाजू, जी सहसा सांगितली जात नाही. १९५७ मध्ये पौंड वाचवण्यासाठी ब्रिटनने परक्या देशांमधल्या व्यापाराला पौंडात कर्ज देणं आवळलं. लंडनच्या बँकांनी हातावर हात धरून बसण्याऐवजी तोच धंदा डॉलरमध्ये सुरू केला. तिथून युरोडॉलरचा, म्हणजे अमेरिकेबाहेरच्या बँकांतल्या डॉलरचा, प्रचंड बाजार उभा राहिला. आजही जगातला सगळ्यात मोठा चलनबाजार न्यूयॉर्क नव्हे, लंडन आहे. २०२२ च्या आंतरराष्ट्रीय पाहणीत जगातली ३८ टक्के चलन उलाढाल लंडनमध्ये होती, अमेरिकेची १९. आपल्याला टोचणारी गोष्ट म्हणजे २०१९ च्या पाहणीत खुद्द रुपयाची रोजची उलाढाल मुंबईपेक्षा लंडनमध्ये जास्त निघाली होती. चलन गेलं, गादी गेली, दुकान चालू राहिलं. सुरक्षा परिषदेतली खुर्चीही १९४५ पासून तशीच आहे, आणि अर्थव्यवस्थेत ब्रिटनच्या पुढे गेलेला भारत बाहेर उभा आहे. हक्काच्या जागा सगळ्यात शेवटी सुटतात.

आता अमेरिका. तिचीही गळती सुरू आहे, पण ब्रिटनच्या वाटेने नाही, हे आधी नोंदवून ठेवा. ब्रिटनचं अमेरिकेकडून घेतलेलं कर्ज दुसऱ्याच्या चलनात होतं, डॉलर संपले की विषय संपला. अमेरिकेचं कर्ज तिच्याच चलनात आहे. ब्रिटनला वारस होता, भाषेचा आणि नात्यातला. अमेरिकेला वारस नाही. चीन सगळ्यांना माल विकतो, पण आपल्या तिजोरीचं दार बाहेरच्यांसाठी पूर्ण उघडत नाही. युआन आत नेणं आणि बाहेर काढणं त्यांच्या परवानगीवर आहे. म्हणून देशांच्या गंगाजळीत डॉलरचा वाटा या शतकाच्या सुरुवातीच्या सत्तर टक्क्यांवरून साठच्या खाली आला तरी युआन दोन टक्क्यांच्या आसपासच घुटमळतोय. डॉलरने सोडलेली जागा ऑस्ट्रेलियन, कॅनेडियन डॉलर, कोरियन वॉन अशा लहान चलनांनी आणि सोन्याने थोडी थोडी वाटून घेतली.

डीलिंग रूममधला एक व्यवहार दाखवतो, म्हणजे गादी म्हणजे नेमकं काय ते कळेल. वाशीच्या बाजारातला व्यापारी दुबईहून खजूर मागवतो. बिल डॉलरमध्ये. त्याची बँक, समजा आमचीच, त्याच्या खात्यातून रुपये कापून घेते आणि त्याला डॉलर विकते, पण ते डॉलर मुंबईत नसतातच. ते आमच्या न्यूयॉर्कमधल्या नोस्ट्रो खात्यात, म्हणजे तिथल्या बँकेत आम्ही उघडलेल्या डॉलरच्या खात्यात, असतात. आम्ही स्विफ्ट या बँकांच्या संदेशजाळ्यावरून संदेश पाठवतो, संध्याकाळी न्यूयॉर्क उघडतं, तिथे आमच्या खात्यातून रक्कम निघते आणि दुबईच्या बँकेच्या तिथल्याच खात्यात पडते. दोन्ही पक्ष आशियात, पैशाची हालचाल मॅनहॅटनमध्ये. शंभर वर्षांपूर्वीच्या ब्राझीलच्या कॉफीचंच हे रूप आहे. बरं, व्यापारी म्हणाला की डॉलर नको, दिरहॅममध्ये बिल करू. जरूर. पण रुपया-दिरहॅमचा भाव मी कसा काढणार? आधी रुपया-डॉलर बघायचा, मग डॉलर-दिरहॅम, आणि दोन्हींवरून क्रॉस काढायचा. दिरहॅम तर १९९७ पासून ३.६७२५ ला डॉलरशी बांधलेलाच आहे. बिलावरचं नाव बदललं, भावाच्या पोटात डॉलर तसाच राहिला. शिवाय थेट बाजार पातळ असल्यामुळे खरेदी-विक्रीतलं अंतर जास्त, ते ग्राहकाच्याच खिशातून जातं.

या रस्त्यावरचे नाके अमेरिकेच्या हातात आहेत, आणि ती ते वापरते. डिसेंबर २०१० मध्ये इराणच्या तेलाचे पैसे आशियाई क्लिअरिंग युनियन या देशादेशांतला हिशेब मिटवणाऱ्या व्यवस्थेमार्फत देणं रिझर्व्ह बँकेने थांबवलं. मग ते पैसे हॅम्बुर्गच्या एका बँकेमार्फत, ते बंद झाल्यावर तुर्कस्तानमार्फत, आणि २०१२ पासून काही हिस्सा कोलकात्याच्या युको बँकेत रुपयांत जमा होऊ लागला. मे २०१९ मध्ये अमेरिकेने इराणवरच्या निर्बंधांतून आपल्याला दिलेली सवलत संपवली आणि आपण इराणचं तेल घेणंच बंद केलं. २०२२ मध्ये रशियाच्या मध्यवर्ती बँकेचे सुमारे ३०० अब्ज डॉलर पाश्चात्त्य देशांनी गोठवले, तेव्हा जगभरच्या गव्हर्नरांनी मनातल्या मनात आपापल्या खात्यांची उजळणी केली असणार. त्यानंतर सलग तीन वर्षं मध्यवर्ती बँकांची सोनेखरेदी वर्षाला हजार टनांच्या पुढे राहिली. आपल्या रिझर्व्ह बँकेनेही लंडनला ठेवलेलं १०० टनांहून जास्त सोनं देशात परत आणलं.

मग रुपयात व्यवहार? जुलै २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने रुपया व्होस्ट्रो खात्यांची, म्हणजे परदेशी बँकांनी इथल्या बँकांत ठेवायच्या रुपयांच्या खात्यांची, वाट मोकळी केली. रशियाने आपल्याला भरपूर तेल विकलं आणि त्यातल्या काही व्यवहारांचे रुपये इथे साचले. मे २०२३ मध्ये गोव्यात शांघाय सहकार्य संघटनेची बैठक होती, तिथे रशियाचे परराष्ट्रमंत्री लाव्हरोव्ह पत्रकारांना म्हणाले की भारतीय बँकांत आमचे अब्जावधी रुपये पडून आहेत आणि ते वापरता यावेत म्हणून दुसऱ्या चलनात बदलायला हवेत. ती बातमी वाचताना मला श्रॉफ यांची टॅक्सी आठवली. १९४४ मध्ये आपण जिथे उभे होतो तिथे आता रशिया होता, आणि लंडनच्या जागी आपण. रुपयाला मान हवा असेल तर समोरच्याला त्याच्या रुपयांतून आपल्याकडे काहीतरी घेता आलं पाहिजे: यंत्रं, औषधं, रोखे, काहीही. तेवढी आपली दुकानं आज भरलेली नाहीत. एकेकाळी आखाताच्या किनाऱ्यावर रुपयाच चालत होता, रिझर्व्ह बँक १९५९ पासून त्यासाठी खास वेगळ्या नोटा काढायची. १९६१ ला कुवेतने, १९६५ ला बहारीनने स्वतःचं चलन काढलं, आणि १९६६ च्या अवमूल्यनानंतर उरलेल्यांनीही रुपयाला रामराम ठोकला. नोटा बाळगणाऱ्यांचं नुकसान झालं की ते पुन्हा येत नाहीत.

गादीच्या मानकऱ्याचं खरं काम संकटात दिसतं. ऑक्टोबर २००८ मध्ये जगभर डॉलरची टंचाई झाली तेव्हा फेडने, म्हणजे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने, १४ मध्यवर्ती बँकांना डॉलर उसने देण्याची सोय केली. ब्राझील, मेक्सिको, दक्षिण कोरिया, सिंगापूर यांना प्रत्येकी ३० अब्ज डॉलरपर्यंत. यादीत भारत नव्हता. मार्च २०२० मध्येही नव्हता. २०१३ च्या मे महिन्यात फेडचे बर्नान्के यांनी रोखेखरेदी कमी करण्याचं नुसतं सूतोवाच केलं आणि ऑगस्ट अखेरीस रुपया डॉलरला ६८ च्या पार गेला. त्या दिवसांत आमच्या खोलीत कोणी जेवायला उठत नव्हतं. तेल कंपन्यांना रिझर्व्ह बँकेने थेट डॉलर दिले, अनिवासी भारतीयांच्या ठेवींची योजना आली, तेव्हा कुठे तोल सावरला. आपल्या मोठ्या गंगाजळीचं कारण हेच आहे. शेजारचा हात देईल याची खात्री नसलेला माणूस घरात जास्त धान्य भरतो.

अमेरिकेबाबत मला खरी काळजी वाटते ती तिच्या बिल पाठवण्याची. २०२४ च्या आर्थिक वर्षात अमेरिकन सरकारचा व्याजखर्च संरक्षणखर्चाच्या पुढे गेला. मे २०२५ मध्ये पतमानांकन संस्था मूडीजनेही अमेरिकेचा सर्वोच्च दर्जा काढून घेतला, बाकी दोन मोठ्या संस्थांनी तो आधीच काढला होता. मग मित्रांना हिशेब पाठवणं सुरू झालं. जून २०२५ मध्ये नाटोच्या देशांकडून २०३५ पर्यंत जीडीपीच्या ५ टक्के संरक्षणावर खर्च करायचं कबूल करून घेतलं. आयातशुल्क शत्रूवर तसं मित्रावरही. परक्या सरकारांनी घेतलेल्या अमेरिकी रोख्यांवर शुल्क आकारावं, ही कल्पना ट्रम्प यांचे नंतरचे आर्थिक सल्लागार स्टीफन मिरान यांनी २०२४ च्या अखेरीस लिहूनच मांडली होती. ती अमलात आली नाही, पण बोलली गेली हेच नवीन आहे. १९४७ चं आपलं खातं क्रमांक २ ज्यांनी वाचलंय त्यांना या सुराची ओळख पटेल.

बदल होत राहील तो असा अर्धवट, तुकड्यातुकड्याने. नाणेनिधीत मोठ्या निर्णयाला ८५ टक्के मतं लागतात आणि अमेरिकेकडे साडेसोळा आहेत, तेव्हा तिथला नकाराधिकार शाबूत. मतांची जी फेरवाटणी २०१० मध्ये ठरली, ती अमेरिकन काँग्रेसने अडवून ठेवल्याने २०१६ ला लागू झाली. तोवर चीनने बीजिंगला नवी पायाभूत सुविधा बँक उभी केली, आणि तिच्यात सामील व्हायला मोठ्या पाश्चात्त्य देशांत पहिला अर्ज कोणाचा, तर ब्रिटनचा! शांघायच्या ब्रिक्स बँकेचे पहिले अध्यक्ष आपले के. व्ही. कामत होते. या संस्था जुन्यांना पाडत नाहीत, पण मधल्या देशांना दुसरं दार मिळतं. भारताने दोन्हीकडे भागभांडवल घातलंय, आणि शहाणपणानेच घातलंय.

आता सोलापूरच्या टॉवेलांकडे. तुमचा खरेदीदार अमेरिकेतला असेल तर बिल डॉलरमध्येच राहू द्या. तो रुपयात बिल मागणार नाही, आणि तुम्ही हट्ट केलात तर चलनाची जोखीम त्याने पेलली म्हणून किमतीत तेवढं कापून घेईल. युरोपच्या खरेदीदाराला युरोत भाव देऊन बघा, तिथे बाजार खोल आहे आणि वायदाही सहज मिळतो. आखातातल्या गिऱ्हाइकासाठी दिरहॅमचा आग्रह धरण्यात अर्थ नाही, कारण मघाशी सांगितलं तसं तो डॉलरच आहे. ऑर्डर पक्की झाली की बँकेत जाऊन निदान निम्म्या रकमेचा फॉरवर्ड, म्हणजे पुढे येणारे डॉलर आजच ठरलेल्या दराने विकायचा करार, करा. डॉलर वर जाईल म्हणून उघडं बसण्याची सवय सोलापूर-इचलकरंजीकडे फार आहे, आणि वर जातोच हे खरं असलं तरी ज्या तिमाहीत तो जात नाही त्याच तिमाहीत सुताची बिलं थकतात. तुमची खरी जोखीम चलनात नाही, एका देशावर बेतलेल्या ऑर्डर बुकात आहे. ऑगस्ट २०२५ ला मार बसला तो शुल्काचा, आणि बिल युआनमध्ये असतं तरी तो बसलाच असता. तेव्हा ब्रिक्सच्या चलनाची वाट बघण्यापेक्षा युरोप, जपान, आखात मिळून निम्म्या ऑर्डर कधी होतील ते आधी बघा.